चार रात्री पुलापलीकडे

ग्रीनव्हिल, मिसिसिपी
९ मार्च

रोझेल,

चार वर्षांनी माझं अक्षर पाकिटावर बघून तुला भलतंच वाटेल, म्हणून आधी सांगते : कोणी गेलेलं नाही.

फोन करता आला असता. पण फोनवर मी पहिल्याच मिनिटाला स्वतःची बाजू मांडायला लागते, आणि मग तू गप्प होतेस. कागदावर निदान खोडता येतं. हे पत्र मी तिसऱ्यांदा लिहिते आहे.

डेल्बर्टच्या डाव्या पायाला अंगठ्याखाली जखम झाली आहे. नाताळच्या सुमारास बुटातला खिळा लागला, म्हणतो. त्याला तेव्हा कळलंसुद्धा नाही. शुगरमुळे त्याच्या तळव्यांना काही जाणवेनासं झालं आहे. आता ती जखम पाव डॉलरच्या नाण्याएवढी आहे आणि तिच्या कडा पांढऱ्या पडल्या आहेत. मी मोजून रोजनिशीत लिहून ठेवलं आहे. मोजण्यापलीकडे मला काही सुचत नाही, हे तुला माहीत आहेच.

जखमांच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, दर आठवड्याला साफ करायला हवी, पायावर भार देता कामा नये, आणि पोटरीतली रक्तवाहिनी मोकळी करून घ्यायला हवी. एवढं वेळेत झालं तर पाय राहील. मग खिडकीतल्या बाईंनी विमा विचारला. माशांच्या कारखान्यात त्याचे तास कमी केल्यापासून विमा गेला. आता तो दोन चर्चांचं गवत कापतो आणि कारखान्यात बोलावतील तेव्हा जातो.

आम्ही स्वस्त विम्याचा अर्ज भरायला बसलो. सरकार हप्त्यात मदत करतं ना, तो. आकडे टाकले. उत्तर आलं, मदत मिळणार नाही, कारण उत्पन्न कमी आहे. डेल्बर्टने मला दोनदा वाचायला लावलं.

"म्हणजे मी जास्त कमावतो?"

"नाही. कमी."

"मदत घ्यायला मी पुरेसा श्रीमंत नाही?"

"तसंच."

"मग गरिबांच्या मोफत उपचारांचं कार्ड?"

"ते मिसिसिपीत तुझ्यासारख्या एकट्या माणसाला देत नाहीत. लहान मुलं असती तर बघितलं असतं."

तो हसला. मोठ्याने, आपल्या आईसारखा. म्हणाला, "पंचावन्नाव्या वर्षी मूल करायला सांगतेस तर करतो बापडा. कोणी बाई मात्र शोधून दे."

त्याच अर्जावर पुलापलीकडचा पत्ता घातला तर कार्ड मिळतं. पलीकडच्या अर्कान्सा राज्यात नियम वेगळा आहे. माणूस तोच, कमाई तीच, पायही तोच. एस्सी मावशीचं घर नदीच्या पलीकडे, इथून गाडीने पंचवीस मिनिटांवर. तिने लगेच मागची खोली रिकामी करते म्हटलं. डेल्बर्ट म्हणतो, "मी पुलाच्या मधोमध झोपतो. डोकं मिसिसिपीत, पाय अर्कान्सात. पायालाच तर कार्ड हवंय."

तुझ्याकडे काही मागण्यासाठी लिहीत नाही. असं लिहिलं आणि लगेच वाटलं, हे खरं आहे का? माहीत नाही. तसंच ठेवते.

व्हर्निटा


६ एप्रिल

रोझेल,

उत्तर आलं नाही. येईल असं धरलंही नव्हतं.

१७ मार्चच्या रविवारी डेल्बर्ट पूल ओलांडून मावशीकडे राहायला गेला. दोन पिशव्या, एक उशी आणि त्याची तळणाची कढई. कढई कशाला, असं मावशीने विचारलं तर म्हणाला, "तुमच्या कढईत मासा रडतो."

मावशी ऐंशी वर्षांची आहे, पण तोंड तेच. "रडू दे. तू माझ्या घरात पाय वर करून बसायचं आणि मी सांगेन ते खायचं. आणि ते कुत्रे माझ्या दारात दिसता कामा नयेत."

अडचण तीच आहे. ड्यूक आणि पर्ल आईच्या घरीच आहेत. शनिवारी चर्चचा मासा तळायला याच्याशिवाय कोणी नाही, आणि रविवारी हा मागच्या बाकावर बेस गिटार घेऊन बसला नाही तर पास्टर उपदेश थांबवून चौकशी करतात. म्हणून तो रविवारी संध्याकाळी तिकडे जातो आणि गुरुवारी परत येतो. चार रात्री तिकडे, तीन इकडे. अर्ज भरला आहे. आता वाट बघायची.

तू विचारलेलं नाहीस, तरी एक सांगायचं आहे. दोन वर्षांपूर्वी मी कनेटिकटला आले होते. तीन आठवडे. आमच्या सरकारी पाहणीला तुमच्याकडे माणसं कमी पडली, तेव्हा इथून चौघींना पाठवलं. तेच माझं काम : दार वाजवायचं, घरात किती जण राहतात, किती कमावतात, भाडं किती, हे विचारायचं आणि ऐकलेलं मरेपर्यंत कोणाला सांगायचं नाही. तशी शपथ घेतलेली आहे. म्हणून तिथे कोण काय बोललं ते सांगणार नाही. बाहेरून कोणालाही दिसेल तेवढंच सांगते.

तुझ्या गावी दारापर्यंत पोचताच येत नव्हतं. फाटकावर बटण, बटणातून आवाज, "चिठ्ठी ठेवून जा." एका घराच्या गाड्यांचा गोठा (मी त्याला तेच म्हणते) आपल्या चर्चएवढा होता. इथे मी दार वाजवलं की आधी बस म्हणतात, पाणी देतात, मग विचारतात कोण तू. तिथून चौदा मैलांवरच्या शहरात मात्र एकेका घरावर तीन-तीन पत्रपेट्या, आणि खिडक्यांना चादरी. तिथेही मला कोणीतरी बस म्हणालं.

एका संध्याकाळी तुझ्या रस्त्यावरून गेले. तुझ्या घरात दिवा होता. तू सिंकपाशी उभी होतीस, डोक्याला तो हिरवा रुमाल. मी गाडी हळू केली. थांबवली नाही. रोजनिशीत त्या तारखेला फक्त "पाऊस नाही" असं लिहिलं आहे.

आईच्या दफनानंतर, चर्चच्या स्वयंपाकघरात, सगळ्यांसमोर मी तुला म्हणाले होते, "तू आता पाहुणी आहेस, तू बस, आम्ही वाढतो." तू न जेवता गेलीस. मी तेव्हा स्वतःला सांगितलं की मी नुसतं आदराने बोलले. हे खोटं होतं.

व्हर्निटा


४ मे

रोझेल,

बूट आले. आत चिठ्ठी नव्हती, पण पेटीवर तुझ्या गावाचा शिक्का होता. आणि असे बूट, आतून मऊ, अंगठ्याला जागा सोडलेले, इथे कुठे मिळतात? डेल्बर्टने ते हातात घालून बघितले, पायात नाही. नऊ नंबर अजून आठवतोय तिला, एवढंच म्हणाला. मग खोक्यात परत ठेवले.

"घाल ना."

"हे? मासे तळायला? वेडी का काय तू. चर्चचा वार्षिक दिवस येतोय ऑगस्टमध्ये, तेव्हा घालीन. रोझेलने पाठवलेत, गवतात घालू?"

मी समजावलं. मावशीने समजावलं, म्हणजे शिव्या दिल्या. तू आईला पाठवलेला तो निळा कोट आठवतो? तो तिने दफनाच्या दिवशीच घातला. तिला तो घातला आम्हीच. आपल्या घरात चांगली वस्तू अशीच ठेवून देतात, तूही तशीच होतीस, निदान आधी.

जखम आता खोल झाली आहे. रुंदी तेवढीच. मावशी गरम पाण्याने धुते, मी पट्ट्या नेऊन देते. पुलापलीकडचं मदत कार्यालय वेळ लावतं आहे. त्यांनी आणखी एक कागद मागवला होता, तो गेला आहे. कार्यालयांचं असंच असतं.

तू नेहमी म्हणायचीस, प्रत्येक यादीत मिसिसिपी शेवटी, आणि तुम्ही लोक तिथेच बसून राहता. डेल्बर्टचं म्हणणं, अक्षरांच्या क्रमाने लावलं तर आपण मधोमध येतो, लोकांनी तीच यादी वाचावी. पण मी त्या याद्यांसाठीच दारं वाजवते, म्हणून मला त्यांच्याबद्दल जरा जास्त माहीत आहे. गरिबीची रेघ अलास्का आणि हवाई सोडले तर सगळ्या राज्यांना एकच आहे. तुझ्या गावात ज्या पैशात गाडीचा गोठासुद्धा भाड्याने मिळणार नाही, तेवढ्यात इथे अख्खं घर मिळतं, तरी रेघ तीच. म्हणजे त्या चौदा मैलांवरच्या शहरात रेघेच्या वर मोजलेला माणूस आपल्या गल्लीतल्या माणसापेक्षा उपाशी असू शकतो. उलट इथे घर स्वस्त, पण आजारी पडायची सोय नाही. ही तुलना कशी करायची? मी वीस वर्षं हे काम करते आहे आणि मला ती करता येत नाही. मी फक्त आकडे नेऊन देते. वरून कोणीतरी नकाशा रंगवतं. आपला रंग नेहमी सगळ्यात गडद असतो.

तुझा सूर मला अजून बोचतो म्हणून हे एवढं लिहिलं. बुटांसाठी आभार मानायला बसले होते.

व्हर्निटा


२६ मे

रोझेल,

नकार आला. सोमवारी, मावशीच्या पत्त्यावर. "अर्जदाराचा निवास या राज्यात असल्याचं सिद्ध होत नाही." तीस दिवसांत अपील करता येतं. मावशीने ताबडतोब पेन आणून दिलं. डेल्बर्ट म्हणाला, बघू. पत्र घडी घालून खिशात ठेवलं. पुन्हा विचारलं तरी बघू. त्याला एवढा शांत मी कधी बघितला नव्हता.

मग चर्चच्या बायकांनी ठरवलं की डेल्बर्टच्या पायासाठी ताटं विकायची. तुला माहीत आहे कसं असतं : तळलेला मासा, स्पॅगेटी, कोबी, पावाच्या दोन चकत्या, दहा डॉलर. कोणाचं दफन असो, कोणाचं छप्पर उडालेलं असो, आपल्याकडे मासा तळतात. आणि मासा कोण तळतं?

मी म्हटलं, या वेळी तू तळायचा नाहीस. त्याने मान डोलावली. काल सकाळी सातला मी चर्चच्या मागे गेले तर हा कढईपाशी. पायात जुने कारखान्याचे बूट.

"डेल्बर्ट!"

"ओरडू नकोस, तेल उडेल."

"डॉक्टरांनी उभं राहू नको सांगितलंय."

"लोक माझ्या पायासाठी दहा डॉलर देणार आणि त्या लिऑनच्या हातचा मासा खाणार? लोकांनी काय वाईट केलंय?"

लिऑन शेजारीच माशाला पीठ लावत उभा होता. तो म्हणाला, "माझ्या हातचा खाऊन अजून कोणी मेलेलं नाही."

"नाही मेलं," डेल्बर्ट म्हणाला, "पण येशूला भेटायची घाई झालेली मी पाहिली आहे."

सगळे हसले. मीसुद्धा हसले, रोझेल. मी खुर्ची आणून दिली, तो बसून तळेना. बसून तेलाचा रंग दिसत नाही, म्हणाला. दुपारी एकपर्यंत, सहा तास, तो त्या पायावर स्वतःच्याच पायासाठी उभा होता. मी ताटं बांधत होते. मी त्याचा हात धरून त्याला गाडीत बसवायला हवं होतं. पण रांग रस्त्यापर्यंत गेली होती, आणि प्रत्येक जण त्याच्याकडे जाऊन बोलत होता, आणि तो इतका खूश दिसत होता. मी ताटं बांधत राहिले.

सहाशे चाळीस डॉलर झाले. दवाखाना रक्तवाहिनीच्या कामासाठी आधी चार हजार भरायला सांगतो.

संध्याकाळी बूट काढला तेव्हा मोजा निघेना. पाणी घालून सोडवावा लागला. वास मी लिहीत नाही.

तुझ्याकडून मागते आहे. या वेळी खरंच मागते आहे.

व्हर्निटा


९ जून

रोझेल,

तुझे पैसे तीन तारखेला पोचले. दवाखान्याने आठवड्यानंतरची वेळ दिली. चार तारखेच्या पहाटे मावशीकडे त्याला थंडी वाजून ताप भरला आणि शेजारी बसलेल्या मला तो आईच्या नावाने हाक मारायला लागला. रुग्णवाहिका पूल ओलांडून इथल्या मोठ्या हॉस्पिटलात घेऊन गेली. तिथे कोणी कार्ड विचारलं नाही. पाच तारखेला त्यांनी पाय घोट्याच्या वर, पोटरीच्या मध्यावर कापला.

एस्सी मावशी व्हरांड्यात उभी राहून नर्सला म्हणाली, "पाय बरा करायचा तर तुम्हाला कार्ड लागतं. कापायचा तर लागत नाही. हे कोणी बसून ठरवलं, बाई? मला त्याचं नाव सांग. मी त्याच्या आईशी बोलते." नर्स तरुण होती. ती रडायला लागली, मग मावशीनेच तिला जवळ घेतलं.

तू वॉर्डात फोन केलास आणि त्याच्याशी चाळीस मिनिटं बोललीस. काय बोललात ते त्याने मला सांगितलं नाही. मी विचारलंही नाही.

आता मला जे सांगायचं आहे ते चार मेच्या पत्रात मी दडवलं होतं. कार्यालयाने मागितलेला "आणखी एक कागद" एप्रिलमध्ये माझ्याकडे आला होता. डेल्बर्टच्या गाडीची नंबरपाटी मिसिसिपीची, म्हणून त्यांना शंका. अर्जदार कुठे राहतो हे ठाऊक असलेल्या माणसाचं निवेदन हवं होतं. डेल्बर्टने माझं नाव दिलं. तो म्हणाला, सरकारी फॉर्म भरण्यात आपल्या घरात हिच्याइतकं हुशार कोणी नाही.

प्रश्न दोन होते. अर्जदार या पत्त्यावर राहतो का? मी लिहिलं : रविवार ते बुधवार रात्री येथे, गुरुवार ते शनिवार मिसिसिपीतील आईच्या घरी, जिथे त्याचे कुत्रे, अवजारे व बहुतेक कपडे आहेत. दुसरा : येथे कायम राहण्याचा त्याचा इरादा आहे का? मी लिहिलं : सांगता येत नाही.

नुसतं "होय" लिहायचं होतं. दोन वेळा "होय".

मी तेव्हा स्वतःला काय सांगितलं ते रोजनिशीत आहे : मी वीस वर्षं लोकांना खरं सांगा म्हणते, मग भावासाठी खोटं कसं लिहू. वाचायला चांगलं वाटतं. पण काल हॉस्पिटलच्या खुर्चीत बसून मी आमच्या कामाचा नियम आठवला, जो मला झोपेतही पाठ आहे. दोन घरी राहणारा माणूस, जिथे जास्त रात्री झोपतो तिथला धरायचा. चार आणि तीन. डेल्बर्ट परका असता, मी त्याच्या दारात फॉर्म घेऊन उभी असते, तर मी त्याला विचार न करता अर्कान्साचा लिहिला असता. त्याच्या कुत्र्यांबद्दल मी विचारलंही नसतं. तसा प्रश्नच नसतो.

तो माझा होता म्हणून मी जास्त विचारलं. आपल्या माणसाला सूट दिली असं कोणी म्हणू नये म्हणून. कोणी म्हणणार होतं का? कोणीच नाही. मला माझा स्वच्छपणा दिसायला हवा होता, आणि त्याचा पाय मला त्या वेळी दिसत नव्हता. किंवा दिसत होता. हेही मला नक्की सांगता येत नाही.

त्याला अजून सांगितलेलं नाही. त्याला वाटतं, कार्यालयच वाईट.

व्हर्निटा


१८ जुलै, गुरुवार

रोझी,

तू सप्टेंबरमध्ये येणार म्हणून मावशीने आत्तापासून खिडक्या पुसायला घेतल्या आहेत. तिला सांगू नकोस की मी कळवलं.

डेल्बर्ट आता मावशीकडेच असतो. आईच्या घराला सात पायऱ्या, तिथे चाकांची खुर्ची चढत नाही. मावशीचं घर जमिनीलगत आहे. लिऑनने दारात फळ्यांचा उतार करून दिला. डेल्बर्टने तो बघून, मासा तळण्यापेक्षा बरा केलायस, असं म्हटलं. तुझ्या बुटांतला उजवा तो रोज घालतो. डावा खोक्यात आहे. तो मी उचलून कुठेतरी ठेवायला गेले तर म्हणाला, "राहू दे. त्याची जोडी मोडायला मला आवडत नाही."

कुत्रे माझ्याजवळ आहेत. आज गुरुवार, म्हणून ते दुपारपासून रस्त्याकडे तोंड करून बसले आहेत. दर गुरुवारी बसतात.

गेल्या रविवारी मी त्याला सांगायला गेले. मावशी चर्चमधून यायची होती. मी चार-पाच वाक्यं घरून जुळवून नेली होती. पहिलंच वाक्य अर्धं झालं तर तो म्हणाला, "ते निवेदन ना?"

मी मांडीवरची पर्स खाली ठेवली.

"नकाराबरोबर त्यांनी त्याची प्रत पाठवली होती. माझ्या खिशात होती ना ती घडी." तो खिडकीतून बाहेर बघत होता. "अवजारे. किती छान शब्द लिहिलास. एक हातोडी आणि गंजलेली करवत."

"मे महिन्यापासून तुला माहीत होतं?"

"ताटं विकली त्याच्या आधीपासून."

"मग अपील का नाही केलंस? रागवायचं तरी होतंस."

"अपील केलं असतं तर तुला बोलावलं असतं. समोर बसवून विचारलं असतं, बाई, यातलं खरं काय. आणि तू पुन्हा खरंच सांगितलं असतंस." तो थोडा हसला. आईसारखं नाही. "तू आठ वर्षांची असताना दुकानदाराने पाच सेंट जास्त दिले म्हणून उन्हात दोन मैल परत गेली होतीस. मी तुझ्याबरोबर आलो होतो. पाय भाजले होते माझे. तुझ्या खरेपणात माझेच पाय का येतात गं मध्ये?"

मी रडले. त्याने मला रडू दिलं, समजूत घातली नाही. ते योग्यच होतं. नंतर म्हणाला, "मी गंमतीत म्हणायचो ना, डोकं मिसिसिपीत, पाय अर्कान्सात. उलटंच झालं बघ. मी सगळा इकडे, आणि पाय तेवढा तिकडे राहिला." मग त्याने उशीखालून एक पाकीट काढलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं.

नवा अर्ज. आणि आत तोच फॉर्म, ठाऊक असलेल्या माणसाचं निवेदन.

"मावशीला भरू दे," मी म्हटलं. "लिऑनला."

"मावशीचं अक्षर तिलाच वाचता येत नाही. आणि लिऑन स्पेलिंग चुकवेल. तूच भर."

"डेल्बर्ट, माझ्याकडून नको."

"तुझ्याकडूनच. त्यांच्याकडे आधीचं तुझं आहे. तूच नीट कर."

मी पेन घेतलं. अर्जदार या पत्त्यावर राहतो का? मी लिहिलं : होय, सातही रात्री. कायम राहण्याचा इरादा आहे का? मी त्याच्याकडे बघितलं. तो म्हणाला, "लिही होय. पळून कुठे जाणार?" मी लिहिलं.

तिसरा प्रश्न या वेळी नवा होता. केव्हापासून? तारीख घालायची होती. जूनमध्ये तो हॉस्पिटलातून थेट इथे आला, सव्वीस तारखेला. त्या दिवसाबद्दल कोणालाच शंका घेता आली नसती. माझा हात जूनवर जाऊन थांबला. मावशी तेवढ्यात दारात आली, तिच्या हातात चर्चचं ताट होतं, वर कागद लावलेलं, आणि ती म्हणाली, "अजून लिहितेच आहे ही? मासा गार होतोय."

डेल्बर्ट माझ्याकडे बघत होता. 

मी १७ मार्च लिहिलं.

ते खरं आहे, रोझी. आमच्या नियमाने, कुठल्याही नियमाने खरं आहे. चार रात्री इकडे, तीन तिकडे. एप्रिलमध्येही ते एवढंच खरं होतं.

व्हर्निटा